दिव्यावरची टिकली

हरेश, दिवा विझला.

आपल्या गाडीतला तो नारिंगी, गोलात एबीएस लिहिलेला. मागच्या आठवड्यात विझला आणि विझलेलाच राहिला. खात्री करायला मी जासईपर्यंत जाऊन आलो. मुद्दाम खड्ड्यांतून नेली, मोकळा रस्ता बघून दोनदा करकचून ब्रेक मारला. मोकळा म्हणजे मला मोकळा वाटलेला. मागून ट्रेलर येत होता आणि त्याच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून माझ्या तीर्थरूपांची सविस्तर चौकशी केली. दिवा काही लागला नाही.

यावर तुझं पहिलं वाक्य काय असतं ते मला ठाऊक आहे. "मंग? उलटंच होतं ना बेरिंग?" नव्हतं. बेरिंग उलटं नव्हतं. आणि दोष सेन्सरचाही नव्हता, म्हणजे मीही बरोबर नव्हतो. काय होतं ते सांगायलाच बसलोय, पण मला सरळ सांगता येत नाही. तू असतास तर मध्येच "पुढं बोल" म्हणून ढकललं असतंस. आता माझ्या वेगाने ऐक.

तुझ्या शोकसभेत माणसं बोलली. हरेश शांत होता, मनमिळाऊ होता, कधी कुणाशी वर आवाज करून बोलला नाही. मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकताना मला वाटायला लागलं की आपण पुन्हा चुकीच्या सभेत शिरलोय. एकदा तसं झालं होतंच, इथेच कामोठ्यात. सेक्टर चुकून मी एका अनोळखी गृहस्थांच्या शोकसभेत पुढच्या रांगेत बसलो होतो आणि त्यांच्या मुलाने माझे हात धरून "बाबा तुमची फार आठवण काढायचे" असं सांगितलं होतं. तो किस्सा तू प्रत्येक लग्नात मला उभं करून सांगायला लावायचास. तर या वेळी सभा बरोबर होती, फोटो तुझाच होता. पण शांत माणूस एकोणीसचा पाना पार्किंगच्या भिंतीवर फेकून मारत नाही. तुमच्या बिल्डिंगच्या भिंतीला पोचा आहे अजून. मी जाऊन बघून आलो.

वाचणाऱ्यांना नातं सांगून ठेवतो. आपण साडू. उरणच्या कोळीवाड्यातल्या एका घरच्या दोन बहिणी आपल्याला मिळाल्या, थोरली वंदनाताई तुला, धाकटी मीना मला. साडूंची तुलना करायला सासुरवाडीत वेगळं कारण लागत नाही. कोण आधी आला, कुणी किती माकुलं खाल्ली, कुणाचा रंग उतरला. आपण दोघंही त्या परीक्षेत काठावर पास होणारे, म्हणून आपलं जमलं.

ओळख माझ्या हळदीला झाली. तू खरं तर मुलीकडचा, पण साउंड तुझा असल्यामुळे माझ्या दारातही तूच. बंदरातली नोकरी सांभाळून हळदी-साखरपुड्यांना स्पीकर लावायचा तुझा जोडधंदा होता आणि आवाज कमी करायचं बटण तुला कधी सापडलं नाही. सगळी गल्ली नाचत असताना एक स्पीकर फाटला. माझी आत्या त्याला अपशकुन म्हणाली, तू त्याला 'बास जास्त झाला' म्हणालास. त्या फाटलेल्या स्पीकरचं चुंबक तू उचकटून काढलंस आणि काढता काढता ते मधोमध फुटलं. अर्ध्या भाकरीएवढा काळा तुकडा राहिला. तो तू आयुष्यभर जपलास. माझ्या लग्नाचा अल्बम वाळवीने खाल्ला, हे अर्धं चुंबक मात्र टिकलं.

ते चुंबक म्हणजे तुझा धर्मच झाला. गाडी खोलताना एकही नट हरवू नये म्हणून सगळं त्याच्यावर. "लोखंडाचं काय आसंल ते चुंबकावर," हे तू इतक्या वेळा बजावलंस की ताई घरातल्या सेफ्टी पिना आणि सुयाही त्यावर ठेवायला लागली. तुमच्याकडे कुणी कात्री शोधत असेल तर ती चुंबकावर असायची आणि काढायला दोन माणसं लागायची.

आता गाडी. आबांची, म्हणजे आपल्या सासऱ्यांची. नजर मंदावल्यावर त्यांनी चावी आपल्या दोघांमध्ये पाटावर ठेवली आणि म्हणाले, "एक गाडी हाय, दोन जावई हायत. काय भांडायचं ते भांडा, मना सांगायला येऊ नका." मग ठरलं ते असं की आठवडा तुझा, आठवडा माझा, रविवारी चावी बदलायची. आबांनी त्या गाडीतून इतकी वर्षं सुकी मासळी वाहिली होती की सीटच्या स्पंजात बोंबील मुरले होते. मी त्यावर उपाय म्हणून मोगऱ्याच्या वासाची डबी टांगली. त्यानंतर गाडीत बसलं की मोगऱ्याचा गजरा माळलेला बोंबील शेजारी बसल्यासारखं वाटायचं. ती डबी तू जासईच्या पुलावरून बाहेर फेकलीस. मी तो अपमान अजून विसरलेलो नाही.

आपण एकमेकांना आधी 'तुम्ही' म्हणायचो. "साडूबुवा, जरा तो हातोडा देता का." सगळं रीतसर. मग एकदा मी जॅक मऊ मातीवर लावला, गाडी कलली आणि तू ओरडलास, "हात काढ, गाढवा." हात वाचला आणि 'तुम्ही' त्या मातीत गेलं. नंतर कुणीच ते शोधायला गेलं नाही.

दोघांनाही गाडीतलं कळत नव्हतं हे इथे स्पष्ट लिहितो, कारण सभेत कुणीतरी तू 'गाड्यांचा जाणकार' होतास असं म्हणालं. आपलं सगळं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंतलं. तेही मी अर्धा व्हिडिओ बघायचो आणि तू उरलेला अर्धा.

तर पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. वेग वाढला की घूं घूं, लांबून होडीचं इंजिन ऐकू यावं तसा. तू म्हणालास बेरिंग गेलं. मी म्हणालो टायर. बेरिंगच होतं, हा गुण तुझा. रविवारी तुमच्या पार्किंगमध्ये चाक काढलं, चाकामागचा लोखंडी सांगाडा सोडवला. सेन्सर गंजून बसला होता. खारी हवा, आबांची मासळी, दुसरं काय होणार. तू तो पक्कडीत धरून पिळवटून काढलास. तेव्हा कट्ट असा आवाज आला. मी तो ऐकला आणि मनात जपून ठेवला, पुढेमागे कामाला येईल म्हणून. नवं बेरिंग डब्यातून काढून तू स्टुलावर ठेवलंस. मग आपण दोघं गाडीखाली शिरून टॉर्च कुणी धरायचा यावर भांडत होतो. भांडून बाहेर आलो, चहा प्यालो, बेरिंग उचललं, सांगाड्यासकट स्कूटरवर घालून पनवेलात हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे नेलं. त्याने जुनं दाबून काढलं, नवं दाबून बसवलं. सांगाडा मांडीवर घेऊन मी मागे बसलो होतो आणि माझ्या त्या पँटवरचा ग्रीसचा डाग मीनाने नंतर पायपुसणं करून सन्मानित केला.

चाक जोडलं. गाडी काढली. आवाज गेला होता. पनवेलकडे निघालो, तू जिंकल्यासारखा स्टिअरिंगवर तबला वाजवत होतास आणि थोडा वेग आला तोच समोर तो नारिंगी दिवा लागला.

तिथून पुढे आपलं जे झालं त्याला मी चौकशी समिती म्हणतो. तुझा निकाल असा की बेरिंगला एका बाजूला चुंबकाचा पट्टा असतो, तो सेन्सरकडे हवा. मी प्रेसवाल्याच्या हातात बेरिंग उलटं दिलं, म्हणून पट्टा बाहेरच्या बाजूला गेला. माझा निकाल असा की पिळवटताना तू सेन्सर तोडलास, कट्ट झालं होतं. दोन्ही गोष्टी शक्य होत्या, हीच अडचण. चाक किती फिरलं हे सेन्सर त्या पट्ट्यावरून मोजतो. मोजता आलं नाही की गाडी दिवा लावते आणि सांगते, ब्रेक लागतील बाबांनो, पण ओल्या रस्त्यावर चाक घट्ट बसलं तर मी सोडवणार नाही. गाडीने तर एवढंच सांगितलं होतं, बाकीचं आपण आपल्या पदरचं घालून बोललो.

नवा सेन्सर आणला. दिवा तसाच. तू नुसता हसलास, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मग मी अक्कल वापरून एबीएसचा फ्यूजच काढला. त्यावर शेजारचे आणखी दोन दिवे लागले आणि डॅशबोर्ड गणपतीच्या मखरासारखा दिसायला लागला. फ्यूज परत घातला. तू म्हणालास बेरिंग काढून परत बसवू. मी म्हणालो एकदा दाबून काढलेलं बेरिंग पुन्हा वापरायचं नसतं, हे माझ्या अर्ध्या व्हिडिओत होतं. तू म्हणालास, "मंग नवा घेऊ, पण या वेळंला तू हात लावायचा नाय." मी म्हणालो, "हात तुझा तपासून घे आधी. पक्कड कुणाच्या हातात होती?"

पाना त्यानंतर उडाला. माझ्या अंगावर नाही, भिंतीवर. पण माझ्या बाजूच्या भिंतीवर.

मग अबोला. साधा, घरगुती, जावयांच्या दर्जाचा. रविवारी चावी वॉचमनकडे ठेवायची, समोरच्याने येऊन घ्यायची. एका रविवारी गाडी घ्यायला आलो तर डॅशबोर्डवर मरून रंगाची टिकली. ताईची. तू दिव्यावर चिकटवली होतीस. आतून नारिंगी कडा दिसत होती, म्हणून दुसरीही तिच्यावर जरा सरकवून लावलेली. मला इतकं हसू आलं की मी फोन काढला, तुझं नाव काढलं आणि मग आठवलं आपलं बोलणं नाही. फोन खिशात ठेवला. पुढच्या रविवारी काहीतरी खोड काढून उत्तर देऊ, असं ठरवलं. काय खोड काढायची ते शोधण्यात तो आठवडा गेला.

त्या आठवड्यात तू गेलास. छातीत दुखतंय म्हणालास, कपडे बदलायला उठलास आणि तेवढंच. गाडी माझ्याकडे होती. तुझ्या मरणाशी तिचा काही संबंध नव्हता. तरी मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटलो की दिव्याचा आणि याचा काही संबंध नाही. कुणीही तसं म्हणालेलं नव्हतं, कुणाला दिव्याबद्दल माहीतही नव्हतं. तुझे काका शेवटी मला पाणी देऊन बसवून ठेवायला लागले.

मी रडलो नाही, हे मुद्दाम नोंदवत नाहीये, तसं झालं एवढंच. माझी रडण्याची वेळ नेहमीच चुकते. मीनाच्या पाठवणीला मी रडलो होतो, नवरा असून. तुला तेही फार आवडायचं.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून नीट ऐक.

ताई जासईला त्या कंटेनर यार्डच्या ऑफिसात परत रुजू झाली. आधी तूच तिला सोडायचास, तुझ्या आठवड्यात गाडीने आणि माझ्या आठवड्यात बाइकने. आता तिने ठरवलं की स्वतः गाडी चालवत जायचं. लायसन्स तिच्याकडे होतंच, तुझ्यामुळे वापर नव्हता. आबांनी एका वाक्यात गाडी तिच्या नावावर केली आणि माझा आठवडा संपला. मी ते आनंदाने मान्य केलं. अडचण एकच. तो रस्ता तुला सांगायला नको. दोन्ही बाजूंना ट्रेलर, मध्ये सांडलेलं डिझेल आणि आपण. त्या रस्त्यावर ती रोज जाणार आणि तिच्या पुढच्या डाव्या चाकावर आपली चौकशी समिती बसलेली.

मी तिला म्हणालो, ताई, दिव्याचं बघून घेऊ, थोडी थांब. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावोजी, तो दिवा म्हणजे तुमचं दोघांचं भांडण. भांडण ठेवा तुमच्याकडं. गाडी मना धड करून द्या."

आणखी एक गोष्ट ती मला म्हणाली नाही, मीनाला म्हणाली. "हे गेले त्याचं हाय ते हाय. पण भावोजींशी न बोलता गेले, ते माझ्या मनातून जात नाय." मीनाने मला ते स्वयंपाकघरात सांगितलं आणि माझ्याकडे न बघता भांडी लावत राहिली. मी डबे पुसायला घेतले. स्वच्छ डबे पुसले.

तर आम्ही कळंबोलीला रफीकभाईच्या गॅरेजला गेलो, मी आणि ताई. गाडीत चालकाच्या जागी ती पहिल्यांदाच बसली. सीट पुढे ओढली, आरसा खाली घेतला, चावी फिरवली आणि तिला टिकली दिसली.

"ही माझी," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

"दोन लावल्यात."

"एकीतून उजेड येत होता."

तिने नखाने दोन्ही काढल्या. खालचा दिवा लख्ख लागलेला होता. एक टिकली बोटावर घेऊन ती क्षणभर बघत राहिली आणि मग आपल्याकडच्या बायका न्हाणीघरातल्या आरशाला लावून ठेवतात तशी तिने ती गाडीच्या आरशाच्या कोपऱ्यात लावली. गोंद सुकला होता तरी चिकटली. दुसरी पर्समध्ये टाकली. तिच्या कपाळावरची तिची ती आहेच. त्याबद्दल बोलायचं ते बायका बोलून थकल्या.

रफीकभाईने स्कॅनर लावला आणि माझ्या मांडीवर दिला. गॅरेजमागच्या रस्त्यावरून ताई गाडी सावकाश चालवत होती, तो मागे बसून सांगत होता आणि मी आकडे वाचत होतो. चार चाकांच्या वेगांचे चार आकडे. तीन चाकांचे वीस वीस वीस असे शहाण्यासारखे येत होते. चौथं, आपलं, वीस म्हणायचं, मग गप्प, मग वीस, मग गप्प. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा.

"साहब, बेरिंग उलटं असतं ना, तर हे एकदम मुकं राहिलं असतं," तो म्हणाला. "हे बोलतंय, पण मध्येच अटकतंय. पट्ट्यावर एका जागी गडबड हाय."

हरेश, तिथेच आपण दोघं हरलो होतो. उलटं नाही. आणि सेन्सर नवा होता, वायर ठीक होती. मी तोंडातल्या तोंडात "कट्ट" एवढंच म्हणालो. ताईने वळून बघितलं.

मग त्याने चाक काढलं, ॲक्सल बाहेर ओढला. आतून बेरिंगची काळी कड दिसायला लागली. तीच बाजू, तोच पट्टा, बरोब्बर आतल्या अंगाला. मी प्रेसवाल्याला बेरिंग सरळच दिलं होतं. हे वाक्य मी तुला फोन करून ऐकवलं असतं, स्पीकरवर टाकायला लावून. रफीकभाईने एक पोपटी रंगाचं पातळ कार्ड काढलं. ते चुंबकावर धरलं की आतल्या रेषा उमटतात. त्याने ते पट्ट्यावर टेकवलं. कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेषा उमटल्या, एकसारख्या, देखण्या. आणि एका बाजूला त्या पुसलेल्या. ओला हात फिरवावा तशा. पुसलेल्या जागेची कड गोलसर होती, मग एकदम सरळ तुटलेली.

"चाँद निकला," तो म्हणाला. "कंपनीचा डिफेक्ट असेल. नाहीतर कुठं मोठ्या मॅग्नेटवर ठेवलं होतं का तुम्ही?"

एका बाजूला गोल, एका बाजूला तुटकी सरळ. मला ती अर्धी भाकरी ओळखायला वेळ लागला नाही. ती त्या क्षणी आमच्याच डिकीत होती, जॅकच्या पत्र्याला चिकटलेली, तू शेवटची चिकटवलेली.

आणि मग मला तो रविवार दिसला, अगदी सरळ. बेरिंग तू स्टुलावर ठेवलं होतंस. आपण गाडीखालून बाहेर आलो तेव्हा स्टुलावर चहाचा ट्रे होता. बेरिंग चुंबकावर होतं. ते सोडवायला आपण ओढाओढ केली होती, तू उलट खूशच झालास, बघ, काय हरवलं नाय म्हणालास. स्टुलावरून चुंबकावर ते तू नेलं नाहीस. मी नेलं नाही. आपण दोघं खाली टॉर्चवरून भांडत होतो.

लोखंडाचं काय असेल ते चुंबकावर. तुझ्या घरात तुझं एवढं ऐकणारं एकच माणूस होतं.

ताई माझ्या मागे उभी होती. तिने रफीकभाईचा प्रश्न ऐकला होता. मी मागे वळून बघायच्या आतच बोललो.

"हो, मीच ठेवलं होतं. घाईत."

माझ्या खोटं बोलण्याला एक मोठी सोय आहे. माझ्या नावावर खऱ्या चुका इतक्या आहेत की त्यांत एक खोटी मिसळली तर कुणी निवडत बसत नाही. रफीकभाईने लगेच मान हलवली, हा माणूस ठेवणारच असं त्याला पटलं होतं.

"तुमीच?" ताई म्हणाली.

"मीच."

डिकी उघडी होती, ती तिकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे यांचंच बरोबर. चूक तुमच्या हातची."

"हो. त्याचंच बरोबर."

"बरं," ती म्हणाली आणि गॅरेजबाहेर जाऊन उभी राहिली. पाठमोरी होती. मी लगेच बाहेर गेलो नाही.

तर अशा रीतीने तू जिंकलास. अधिकृतपणे, साक्षीदारांसमक्ष. उरणला आबांपर्यंत बातमी गेली आहे. मीनाने मला दोन दिवस ऐकवलं. मी कुणालाही काही दुरुस्त करून सांगितलं नाही. खरा निकाल फक्त तुला सांगतोय. तू बरोबर नव्हतास, मी बरोबर नव्हतो, आणि ज्या गोष्टीवरून आपण इतके दिवस तोंड फिरवून होतो ती एका कप चहाला जागा करून देण्यात झाली होती. ते भांडण म्हणून बघायला गेलं तर फारच लहान निघालं. मला वाटलं होतं निदान सेन्सरएवढं तरी असेल.

दुसऱ्या दिवशी नवं बेरिंग घ्यायला आम्ही पुन्हा निघालो. दुकानात ताई माझ्या पुढे झाली, डबा स्वतः घेतला, उघडू दिला नाही. प्रेसवाल्याकडे जाईपर्यंत मांडीवर धरून बसली, दोन्ही हात वर. रफीकभाईने चाक तात्पुरतं परत जोडून दिलं होतं, सांगाडा तो प्रेसवाल्याच्या दारातच येऊन सोडवणार होता. त्याची हत्यारं डिकीत ठेवायला मी गेलो, चुंबक मध्ये येत होतं म्हणून काढून मागच्या सीटवर टाकायला निघालो. मी काही करायच्या आत ती म्हणाली, "ते हिकडं नको."

आवाज चढवला नाही. पण तिने डबा मांडीवरून उचलून पोटाशी घेतला.

मी चुंबक परत डिकीत ठेवलं, पार मागे. गाडीत येऊन बसलो. ती आरशात बघत होती, टिकलीकडे किंवा टिकलीच्या मागे, मला सांगता येत नाही. प्रेसवाला जुनं बेरिंग काढेपर्यंत तिने मला रस्त्यापलीकडून चहा आणायला पाठवलं. चहा आणला तर ठेवायला बाक सोडून काही नव्हतं आणि बाकावर तिचा डबा. मी कप धरून उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच जरा हसली. डबा हलवला नाही. मी उभ्यानेच प्यालो.

संध्याकाळी तुमच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा ती म्हणाली, "भावोजी, ते चुंबक तुमी तुमच्याकडं न्या." मी नेलं. आता ते आमच्या घरी आहे. मीना त्यावर काहीही ठेवू देत नाही. का, ते मी विचारलं नाही.

यावर आम्ही दोघं बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. हे छापून आलं की ती वाचेल. वाचून म्हणेल, भावोजींच्या पोटात काय राहत नाय. तेही खरं आहे. पण तुला सांगितल्याशिवाय मला हे ठेवता येईना. आपल्यात अबोला होता तो माझ्या बाजूने मी इथे सोडतोय. तुझ्या बाजूचं तू बघ.

तिला गाडी छान चालवता येते. तुझ्यापेक्षा बरी, माझ्याबद्दल विचारू नकोस. पहिल्या दिवशी मी शेजारी बसून जासईपर्यंत गेलो. ट्रेलर शेजारून गेला की मी पाय दाबायचो, माझ्या बाजूला ब्रेक नसताना. तिने यार्डच्या गेटसमोर गाडी लावली, मला उतरवलं आणि रिक्षाने परत जा म्हणाली.

तुला त्या दिव्याचं एक सांगायचं राहिलं. तो कायमचा गेलेला नाही. चावी फिरवली की गाडी सगळे दिवे एकदा लावून बघते, त्यात तोही दोन श्वास लागतो आणि मग विझतो. ताई तोवर थांबते. हात स्टिअरिंगवर, नजर तिथेच. जे बोलायचं असेल ते तेवढ्यात बोलून घे. तो विझला की ती गिअर टाकते.